कापलेल्या लिमिटचा हिशोब

कर्जदारांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या सिबिल या ब्युरोच्या स्थापनेला 2025 च्या ऑगस्टमध्ये 25 वर्षं झाली. त्याच सुमारास माझ्या बँकेने माझ्या क्रेडिट कार्डाचं लिमिट निम्म्याहून खाली आणलं. निवृत्त झालो, पगार थांबला, हे खरं. पण एकही बिल कधी थकवलं नाही, हेही तितकंच खरं. पुढे दुसऱ्या बँकेकडे नव्या कार्डासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. तिथला प्रतिनिधी फोनवर म्हणाला, “सर, तुमचं युटिलायझेशन फार जास्त दिसतंय.” माझा खर्च एका रुपयाने वाढलेला नव्हता. भाजक बदलला होता.

गणित साधं आहे. लिमिट एक लाख आणि स्टेटमेंटच्या तारखेला बाकी 30 हजार असेल, तर वापर, म्हणजेच युटिलायझेशन, 30 टक्के. लिमिट 40 हजारांवर आणलं की तीच बाकी 75 टक्के होते. ती बाकी तुम्ही मुदतीत पूर्ण भरलीत तरी बहुधा स्टेटमेंटचाच आकडा ब्युरोच्या अहवालात जातो. नवी बँक तुम्हाला ओळखत नाही. तिच्यासमोर फक्त हे दोन आकडे असतात आणि त्यांतला एक आकडा तुमचा नसतोच. तो जुन्या बँकेने ठरवलेला असतो.

आपल्याकडच्या कार्डांच्या पहिल्या वीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. 1980 मध्ये सेंट्रल बँकेने कार्ड आणलं, 1990 मध्ये सिटी बँक या धंद्यात उतरली. कार्ड मोजक्यांच्या खिशात होतं आणि बाकीच्यांची पत पगाराची स्लिप, जामीनदार आणि शाखाधिकाऱ्याची ओळख यांवर चालायची. सिबिलने ग्राहकांच्या कर्जांची माहिती द्यायला 2004 मध्ये सुरुवात केली, तेव्हा आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या दशकाबद्दल. स्टेशनबाहेर टेबलं मांडून कार्डं विकणारी मुलं, दुपारच्या जेवणात येणारे फोन, ‘लाइफटाइम फ्री’चा जप, हे सगळं आम्ही पाहिलं. मागितल्याशिवाय कार्ड देऊ नका, विचारल्याशिवाय लिमिट वाढवू नका, असं रिझर्व्ह बँकेने 2005 च्या नोव्हेंबरात लेखी बजावलं होतं. तरी 2007 साली माझं लिमिट मला न विचारता वाढलं आणि वर अभिनंदनाचं पत्र आलं. त्या काळात नवं कार्ड मिळवण्याचा राजमार्ग म्हणजे जुन्या कार्डाचं स्टेटमेंट दाखवणं. त्यावर छापलेलं लिमिट पाहून दुसरी बँक आपलं लिमिट ठरवायची. एका बँकेचा उत्साह दुसरीला पुरावा म्हणून चालत होता.

मग 2008 ची मंदी आली. मार्च 2008 मध्ये देशात पावणेतीन कोटींच्या आसपास कार्डं होती. तीन वर्षांत ती सुमारे 1 कोटी 80 लाखांवर आली. काहींनी पैसे बुडवले, हे मान्य. पण नियमित भरणाऱ्यांचीही लिमिटं कापली गेली, वापरात नसलेली कार्डं बंद झाली. लिमिट वाढवताना आम्हाला विचारलं नव्हतं, कापतानाही नाही. आणि ज्या अहवालात हे सगळं नोंदवलं जात होतं, त्यातला आपला स्कोअर सामान्य माणसाला पैसे मोजून पाहण्याची सोय 2011 मध्ये झाली.

त्यानंतर वर्षभरात पुण्यातला एक छापखानेवाला मित्र आपला अहवाल घेऊन माझ्याकडे आला. नव्या कार्डाचा त्याचा अर्ज फेटाळला गेला होता. आम्ही ओळ न् ओळ वाचली. ‘क्रेडिट लिमिट’च्या रकान्यात नुसती आडवी रेघ. ‘हाय क्रेडिट’ 61,800. ‘करंट बॅलन्स’ 58,300. बँकेने लिमिट कळवलंच नव्हतं. अशा वेळी वाचणारा ‘हाय क्रेडिट’, म्हणजे आजवरची सर्वांत मोठी बाकी, हेच लिमिट धरतो, म्हणजे 94 टक्के वापर. त्याचं खरं लिमिट दोन लाख होतं, खरा वापर 30 टक्क्यांच्याही आत. तो म्हणाला, “अरे, रकाना भरला नाही बँकेने, आणि नापास मी?” याचं उत्तर त्याला कुठल्याही काउंटरवर मिळालं नाही. कागद घेऊन तो बँकेकडून ब्युरोकडे आणि ब्युरोकडून बँकेकडे फिरत राहिला, आणि त्यात त्याची धंद्याची मोक्याची दिवाळी गेली.

उलट टोकाचा घोळही तेव्हाचाच. एकाच बँकेची दोन कार्डं, दोन्हींत मिळून दोन लाखांचं एकच लिमिट. पण अहवालात दोन्ही ओळींवर दोन-दोन लाख. तिसऱ्या बँकेला ते चार लाखांचं एक्स्पोजर दिसतं आणि ती म्हणते, या उत्पन्नाला एवढं विनातारण कर्ज पुरे झालं.

नंतर सुधारणा झाल्या, त्यांचं श्रेय नाकारायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदित्य पुरी समितीच्या शिफारशींनंतर 2014 मध्ये माहिती पाठवण्याचा साचा एकसारखा झाला. 2017 पासून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळू लागला. 2024 च्या एप्रिलपासून दुरुस्तीला 30 दिवसांपेक्षा जास्त लागले तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. 2025 च्या सुरुवातीला बँकांना दर पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं. कार्डं 2024 च्या सुरुवातीलाच 10 कोटींच्या पुढे गेली. पण नोव्हेंबर 2023 मध्ये कार्डांच्या येणे बाकीवरचं जोखीम-भारांकन बँकांसाठी 125 वरून 150 टक्के झालं, आणि बँकांना प्रत्येक कार्डामागे जास्त भांडवल बाजूला ठेवणं आलं. हात आखडायला त्यांना कारण मिळालं.

मूळ दुखणं मात्र तसंच राहिलं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनी ठरवलं, लिमिट वाढवायचं तर ग्राहकाची स्पष्ट संमती हवी. कमी करायचं तर नुसतं कळवलं की झालं. अर्ज नाकारल्याचं नेमकं कारण लेखी द्यावं, हेही त्याच नियमांत होतं. मला आलेल्या पत्रात मात्र ‘अंतर्गत धोरणानुसार’ एवढंच होतं. बँकेने स्वतःची जोखीम सांभाळावी, तो तिचा हक्क आहे. पण तिने सावधपणे उचललेलं पाऊल माझ्या नावावर दोष म्हणून चढावं, हे मला मान्य नाही. याचा फटका सर्वांत आधी बसतो तो पगार थांबलेल्या निवृत्तांना, नोकरी सोडून घरी थांबलेल्या बायकांना आणि हंगामी धंदेवाल्यांना. त्यांनी काही बुडवलेलं नसतं.

म्हणून रिझर्व्ह बँकेकडे मागणं एवढंच आहे. लिमिट कापण्याआधी बँकांनी कारणासह महिनाभराची सूचना द्यावी. अहवालात ‘बँकेने स्वतःहून कमी केलं’ अशी वेगळी नोंद असावी. रिकाम्या लिमिटचा अहवाल ब्युरोने स्वीकारूच नये आणि सामाईक लिमिट एकदाच मोजावं. यातलं काहीही अवघड नाही. अहवालात एक रकाना वाढेल. तो नाही, तोवर दुसऱ्याने बदललेल्या आकड्याचा जाब प्रामाणिकपणे बिल भरणारा माणूस देत राहील.