क्षयरोग-निदान प्रयोगशाळा

थुंकीत वा शरीरातील अन्य द्रवात क्षयाचे जंतू आहेत किंवा नाहीत आणि असल्यास ते कोणत्या औषधांना दाद देतात, हे ठरविणारी प्रयोगशाळा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर लवकरच प्रचारात आलेल्या त्सील-नीलसेन अभिरंजन पद्धतीवरच ग्रामीण भारतातील क्षयनिदान शतकाहून अधिक काळ विसंबून राहिले.

या पद्धतीत काचपट्टीवर पसरलेला थुंकीचा थर कार्बोल फुक्सिनने उष्णता देऊन रंगवितात व सल्फ्यूरिक अम्लाने धुतात. इतर पेशींचा रंग निघून जातो; क्षयजंतूंचा मात्र त्यांच्या मेणचट आवरणामुळे टिकतो. नंतर मिथिलीन ब्ल्यू दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर तांबडे दंडाणू दिसतात. पद्धत स्वस्त आहे. परंतु १ मिलि. थुंकीत सु. ५,००० ते १०,००० जंतू असल्याखेरीज ते सहसा आढळत नाहीत. त्यामुळे लहान मुले व एचआयव्हीबाधित यांचा रोग पुष्कळदा निसटतो. नकारात्मक अहवाल देण्यापूर्वी १०० दृष्टिक्षेत्रे पाहावी लागतात. एका तंत्रज्ञाने दिवसात २०–२५ पेक्षा अधिक काचपट्ट्या वाचू नयेत असा संकेत आहे. घाईने वाचलेली काचपट्टी न वाचल्यासारखीच असते. धुण्याचे पाणीही स्वच्छ लागते, कारण नळाच्या पाण्यात क्वचित क्षयजंतूंसारखेच रंगणारे निरुपद्रवी जंतू असतात. २०१६ मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही अट वाटते तितकी क्षुल्लक नाही.

सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात (१९९७) साधारणतः १ लाख लोकसंख्येमागे, व आदिवासी आणि डोंगराळ भागात ५०,००० मागे, एक सूक्ष्मदर्शक केंद्र असावे असे ठरले. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सु. ३३·६ लाख व लातूरची सु. २४·५ लाख होती. म्हणजे या प्रमाणाने नांदेडला तेहतीसहून व लातूरला चोविसाहून अधिक केंद्रे हवीत. किनवटसारख्या आदिवासी तालुक्यामुळे नांदेडची गरज आणखी वाढते. तथापि केंद्रांच्या संख्येवरून क्षमता मोजणे फसवे आहे. वाचलेल्या काचपट्ट्यांतून काही निवडून, मूळ निष्कर्ष न कळविता दुसऱ्याकडून वाचून घेणे आणि पर्यवेक्षकाने केंद्रास नियमित भेट देणे, यांवरच अहवालाची विश्वासार्हता अवलंबून असते. तंत्रज्ञाची जागा रिक्त राहिली, तर उत्तम सूक्ष्मदर्शकही कपाटात पडून राहतो.

औषधरोधी क्षयाचे निदान याहून कठीण. अंड्यापासून बनविलेल्या लोवेनस्टाइन-येन्सेन माध्यमावर जंतूंचे संवर्धन करण्यास ६ ते ८ आठवडे लागतात. शिवाय ऋणदाबाची खोली, जैवसुरक्षा कपाट आणि अखंड वीज हवी. महाराष्ट्रात अशी राज्यस्तरीय संदर्भ प्रयोगशाळा नागपूर व पुणे येथे आहे. तेथवर नमुना थंड पेटीतून न्यावा लागतो. मराठवाड्यात या विलंबाला वेगळाच अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचा अहवाल दोन महिन्यांनी गावी पोहोचतो, तेव्हा घराला कुलूप असते. रुग्ण तोवर निरुपयोगी औषधे घेत राहतो व कोपीत सोबत राहणाऱ्यांना संसर्ग देत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये पुरस्कारलेल्या कार्ट्रिज पद्धतीने (सीबीनॅट) क्षयजंतू व त्याचा रिफाम्पिसीनरोध ही दोन्ही सु. दोन तासांत कळू लागली. मात्र या यंत्रास ३०° से. पेक्षा अधिक तापमान मानवत नाही, तर येथील उन्हाळा ४०° से. ओलांडतो, म्हणून यंत्राबरोबर वातानुकूलन व पर्यायी वीजही द्यावी लागते. गोव्यात विकसित झालेले व संघटनेने २०२० मध्ये शिफारस केलेले ट्रूनॅट हे विजेरीवर चालणारे यंत्र तालुक्याच्या ठिकाणी अधिक सोयीचे आहे. या रेणवीय परीक्षा मृत जंतूंचेही डीएनए ओळखतात. त्यामुळे उपचाराची प्रगती पाहण्यास सूक्ष्मदर्शक व संवर्धन यांची गरज टिकून आहे.

खासगी प्रयोगशाळांतून क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडांची परीक्षा दीर्घकाळ सर्रास होत असे. तिचे निष्कर्ष भरवशाचे नसल्यामुळे निरोगी माणसास महिनोन्‌महिने औषधे व रोग्यास दिलासा, असे दोन्ही प्रमाद घडत. भारत सरकारने २०१२ मध्ये या परीक्षेवर बंदी घातली आणि त्याच वर्षी क्षयरुग्णांची नोंद शासनास कळविणे खासगी वैद्यक व प्रयोगशाळा यांनाही बंधनकारक केले.