सहा बाय सहाच्या पलीकडे

मल्टिपल स्क्लेरोसिसचे काही रुग्ण भरभर चालले की त्यांची नजर अंधुक होते आणि थोडा आराम मिळाला की निवळते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवले. शरीर तापले की मायलिनचे वेष्टण गमावलेल्या मज्जातंतूंतून संदेश अडखळत जातात, हा उलगडा बराच नंतर झाला. ते अडखळणे मोजायला तर त्याहूनही वेळ लागला.

१९७२ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मुशिन या संशोधकांनी रुग्णांना काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट दाखवला. चौकटींचे रंग उलटले की मेंदूचा प्रतिसाद डोक्याला लावलेले इलेक्ट्रोड टिपत. निरोगी माणसात तो सुमारे १०० मिलिसेकंदांत उमटतो. दृष्टिचेतेला सूज येऊन गेलेल्यांत तो उशिरा आला, नजर पूर्ववत झालेली असूनही. पुढच्याच वर्षी, डोळ्यांची कधीच तक्रार नसलेल्या रुग्णांतही हा उशीर सापडला.

म्हणजे नजर तपासायचा भिंतीवरचा तक्ता दिशाभूल करत होता. त्यावरची अक्षरे ठळक काळी. ती वाचता आली की नजर सहा बाय सहा, म्हणजे निर्दोष. रुग्णाला मात्र संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या दिसत. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेल्या, दृष्टिचेतेच्या सुजेवरील ४५७ रुग्णांच्या चाचणीत फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा पेली-रॉबसन तक्ता वापरला, तेव्हा ही उणीव आकड्यांत दिसली. पुढे मज्जाविकारतज्ज्ञ लॉरा बाल्सर यांनी २.५ आणि १.२५ टक्के गडदपणाची करडी अक्षरे औषधांच्या चाचण्यांत आणली. अपंगत्वाची रूढ मोजपट्टी मुख्यतः चालण्यावर बेतलेली होती. रुग्णाच्या पायांकडे पाहून त्याच्या डोळ्यांचा हिशेब लागत नाही, हे त्यांनी लावून धरले ते योग्यच होते.

१९९१ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर मोजणारे ओसीटी यंत्र आले. दृष्टिपटलातल्या तंतूंवर मायलिन नसते, त्यामुळे तिथला थर पातळ झाला तर तंतूच गेले असे समजते. दोन डोळ्यांतल्या या थरात ५ मायक्रॉनचा फरकही जुन्या इजेकडे बोट दाखवू शकतो.

मोजता आल्यावर दुरुस्तीचा शोधही सुरू झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५० रुग्णांच्या चाचणीत क्लेमास्टिन या ॲलर्जीवरच्या जुन्या औषधाने संदेशाचा उशीर सरासरी १.७ मिलिसेकंदांनी कमी केला. आकडा लहान, पण जुन्या इजेवर मायलिन पुन्हा चढू शकते असे सुचवणारा. फिकट अक्षरांच्या वाचनात मात्र निर्णायक सुधारणा दिसली नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या २०१७ च्या निदान-निकषांत दृष्टिचेतेला जागा नव्हती. २०२४ च्या सुधारणेत ती इजेचे पाचवे स्थान म्हणून आली आणि काचबिंदूसाठी अनेक नेत्ररुग्णालयांत वापरात असलेल्या ओसीटीचा अहवाल या आजाराच्या निदानातही पुरावा म्हणून धरला जाऊ लागला.