टेलिफोनचा पॉइंट आणि राउटरची जागा

अंबत्तूर हे चेन्नईच्या वायव्येकडील उपनगर आहे. 1960 च्या दशकात येथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिच्या आसपास कामगारांची, कारकुनांची व लहान कारखानदारांची घरे वाढत गेली. 2011 मध्ये हा भाग चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाला. येथील जुन्या घरांत दूरध्वनी बहुधा दर्शनी खोलीत, दाराजवळ असे. रस्त्यावरील खांबावरून येणारी तार जेथे घरात शिरे, तेथेच भिंतीवर पॉइंट बसवणे सोयीचे होते. शिवाय शेजाऱ्यांचे फोनही त्याच यंत्रावर येत, आणि त्यांना हाक मारण्यास दाराजवळची जागा बरी पडे. महाराष्ट्रातील चाळींतही याहून निराळे नव्हते.

जानेवारी 2005 मध्ये भारत संचार निगमाने दूरध्वनीच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा देण्यास प्रारंभ केला. साहजिकच मोडेम आणि राउटर यांचे एकत्रित यंत्र त्या पॉइंटपाशीच येऊन बसले. बैठकीत एकच संगणक होता, तोवर कोणाची तक्रार नव्हती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि मुलांचे वर्ग व मोठ्यांचे कार्यालयीन काम घरातच आले. मग मागच्या खोलीत शिक्षकांचा आवाज तुटक का येतो, हा प्रश्न अनेक कुटुंबांना पडला. यंत्र पॉइंटपासून दूर नेणे हा त्यावरील उपाय खरा; परंतु ते कोणत्या तारेने न्यावे, यावर सारे अवलंबून असते.

दूरध्वनीची तार म्हणजे तांब्याच्या दोन बारीक तारांची जोडी. माणसाचे बोलणे तिच्यावरून सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ या वारंवारितांत जाते. इंटरनेटची माहिती याच जोडीवरून, पण पुष्कळ वरच्या पट्ट्यातून प्रवास करते. हा पट्टा सुमारे 25 किलोहर्ट्झपासून 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत आणि सुधारित पद्धतीत 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत जातो. म्हणूनच बोलणे व इंटरनेट एका वेळी चालू शकते. दोहोंना वेगळे ठेवण्याचे काम फिल्टर नावाची लहान डबी करते. घरातील एखाद्या फोनला फिल्टर नसेल, तर घंटी वाजताच इंटरनेट तुटते. दोष मात्र बिचाऱ्या राउटरला दिला जातो.

या वरच्या पट्ट्यातच मध्यम लहरींवरील नभोवाणीही येते. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची 558 किलोहर्ट्झ आणि चेन्नई केंद्राची 720 किलोहर्ट्झ ही वारंवारिता जुन्या श्रोत्यांना पाठ आहे. उघडी, न पिळलेली तार अशा लहरी अँटेनाप्रमाणे ओढून घेते. पंख्याचे रेग्युलेटर व ट्यूबलाइट यांचा विद्युत गोंगाटही तिच्यात शिरतो. तारांची जोडी एकमेकींभोवती पिळली की दोन्ही तारांवर पडणारा हा गोंगाट जवळजवळ सारखा होतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्येच या युक्तीचे पेटंट घेतले होते.

आता घरातील प्रश्नाकडे वळू. दूरध्वनी केंद्र 3 किलोमीटरवर असेल, तर घरात आणखी 10 मीटर तार वाढल्याने एकूण लांबीत फरक पडतो तो केवळ तीनशेव्या हिश्शाचा. तेव्हा भीती लांबीची नसून तारेच्या प्रतीची आहे. बाजारात मिळणारी चपटी टेलिफोन तार पिळलेली नसते. तिचे तुकडे जोडून, वर चिकटपट्टी गुंडाळून मागच्या खोलीपर्यंत नेले की वेग घटतो आणि जोडणी वरचेवर तुटते. पूर्वी माडीवरच्या फोनसाठी ओढलेली व आता वापरात नसलेली फांदीही अपाय करते, कारण तिच्या मोकळ्या टोकावरून संदेश परावर्तित होऊन मूळ संदेशात मिसळतो. अशी फांदी पॉइंटपाशीच सोडवून घेणे उत्तम.

याउलट राउटरपासून संगणकाकडे जाणारी इथरनेट केबल चार पिळलेल्या जोड्यांची असते आणि 100 मीटरपर्यंत संदेश बिनचूक नेते. म्हणून मोडेम पॉइंटजवळच राहू द्यावा आणि लांबचा पल्ला इथरनेट केबलने गाठावा. केबलच्या दुसऱ्या टोकाला दुसरे वायफाय यंत्र जोडता येते. मात्र जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम दोहोंपैकी एकाच यंत्राकडे ठेवावे, नाहीतर गोंधळ उडतो. पूर्ण यंत्रच हलवणे भाग असेल, तर पॉइंटपासून अखंड, पिळलेल्या जोडीची तार घ्यावी आणि ती विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये. हे काम शक्यतो जाणकाराकडून करवावे. फोनची घंटी वाजते तेव्हा तारेवर सुमारे 75 व्होल्टचा दाब असतो आणि उघड्या तारेला लागलेल्या बोटाला तो चांगलाच जाणवतो.

नवी जागा निवडताना वायफायचा स्वभाव ध्यानात घ्यावा. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. विटांची एखादी भिंत ती ओलांडते; लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, गोदरेजचे कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकी यांच्यापुढे ती दुबळी पडते. मायक्रोवेव्ह भट्टीही याच वारंवारितेच्या आसपास चालते. म्हणून यंत्र घराच्या मध्याजवळ व उंचावर ठेवावे. शोभेसाठी ते कपाटात कोंडणाऱ्यांनी मंद इंटरनेटची तक्रार करू नये.

यंत्र हलवण्यापूर्वी मोडेमच्या माहितीपानावरील वेग आणि संदेश-गोंगाट यांतील फरकाचा आकडा टिपून ठेवावा. हा फरक 6 डेसिबलच्या खाली गेला, तर जोडणी अस्थिर होते. हलवल्यानंतर तोच आकडा पुन्हा पाहिला की नवी तार चांगली की वाईट, हे अंदाजाविना कळते.

अलीकडे तांब्याच्या जागी काचेचा तंतू आला आहे. त्याला नभोवाणीच्या लहरींची बाधा होत नाही, पण तीव्र वळण सोसत नाही. कोपऱ्यात दाबून वाकवला तर आतील प्रकाश बाहेर गळतो. तंतू जेथे संपतो ती पेटी जागेवरच ठेवून पुढे इथरनेट केबल न्यावी, हे सूत्र तेथेही लागू पडते. तांब्याची तार असलेल्या घरांत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात गडगडाट होण्याची चिन्हे दिसताच विजेचा प्लग आणि टेलिफोनची तार ही दोन्ही काढून ठेवावी. खांबावरून आलेला विजेचा लोंढा प्लग काढल्याने थांबत नाही. तो टेलिफोनच्या तारेनेही घरात शिरतो.