मधमाशीच्या पोटातले जागले

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तेलघाणी, हातकागद यांच्या जोडीनं मधमाशीपालनही संघाच्या कार्यक्रमात होतं. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

त्या काळी पेटीत पाळली जायची ती आपली सातेरी. तिच्या अंगावर व्हरोआ नावाचा माइट पूर्वापार आहे, पण तो तिला फारसा बाधत नाही. त्याची वीण बहुतेक नर माश्यांच्या कप्प्यांतच होते आणि कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरचे माइट टिपून काढतात. १९६० च्या दशकात पंजाबात मेलिफेरा ही युरोपीय माशी रुजली. मध भरपूर देणारी, पण या शत्रूची ओळख नसलेली. तिच्या पेटीत माइट कामकरी माश्यांच्या कप्प्यांतही वाढतो. कप्पा मेणानं बंद होण्याआधी मादी आत शिरते, कोषातल्या पिल्लावर जगते, तिथंच अंडी घालते. माशीच्या शरीरातली चरबीयुक्त ऊती ती खाते आणि सोबत पंख वाकडे करणारा विषाणू पसरवते. दुसरा माइट ट्रोपिलेलॅप्स. तो मूळचा आग्या मोहोळावरचा, व्हरोआहून लहान आणि भराभर वाढणारा. आग्या आणि सातेरी दोन्ही आपल्याच रानात असल्यानं आपल्या मधपाळाला दोन्ही शत्रूंना तोंड द्यावं लागतं.

औषधी पट्ट्या लावल्या की माइट मरतात, पण काही वर्षांत त्यांच्यात प्रतिकारशक्ती येते आणि औषधाचा अंश मेणात साठतो. म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या नॅन्सी मोरान यांच्या गटानं ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. स्नॉडग्रासेला अल्व्ही हा जिवाणू मधमाशीच्या आतड्यात मुळातच राहतो. त्याच्या जनुकांत त्यांनी असा बदल केला, की तो दुपदरी आरएनए तयार करील. हा आरएनए माशीच्या अंगात पसरतो, तिला खाणाऱ्या व्हरोआच्या शरीरात जातो आणि त्याची जगण्याला लागणारी जनुकं बंद पाडतो. दहाव्या दिवसापर्यंत असे माइट मरण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी वाढली. माशीला मात्र इजा नाही. पिकाची रात्रभर जागल करणारा जागल्या शेतातच मुक्काम ठोकतो, तसा हा जिवाणू माशीच्या पोटात ठाण मांडून राहतो.

प्रयोग झाला तो प्रयोगशाळेत, बंदिस्त माश्यांवर. उघड्या रानात प्रश्न वेगळे आहेत. एकाच फुलावर पेटीतली माशीही बसते आणि आग्याही. बदललेला जिवाणू कुठवर जाईल, हे तपासल्याशिवाय तो मोकळा सोडता कामा नये.

पण मूळचा, कुणीही न बदललेला स्नॉडग्रासेला वर्धा जिल्ह्यातल्या माश्यांच्या पोटात आजही आहे, आणि माझी खरी काळजी त्याच्याविषयी आहे. कोषातून बाहेर पडलेल्या माशीचं आतडं जवळपास कोरं असतं. पोळ्यातल्या थोरल्या माश्यांकडून काही दिवसांत तिला हे जिवाणू मिळतात. मोरान यांच्याच गटानं २०१८ मध्ये दाखवलं, की ग्लायफोसेट या तणनाशकामुळे नेमका हाच जिवाणू कमी होतो आणि अशा माश्या इतर रोगजंतूंना सहज बळी पडतात. टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविकंही हेच करतात. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेट फवारण्याची मुभा फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती ठेवली. तरी पराटीत निंदणाला मजूर मिळेनात, की शेतकऱ्याचा हात तणनाशकाच्या डब्याकडे जातो. त्याला दोष देऊन भागणार नाही. निंदण परवडेल अशी सोय त्याला हवी. तोवर निदान फुलोऱ्यातला धुरा तरी फवाऱ्यातून वगळता येईल.

माइटविरुद्ध मेलिफेरा पाळणाऱ्यांना आजही बरंच करता येतं. अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या, बरणीत पिठीसाखरेत घोळवून जाळीतून साखर चाळली की व्हरोआ खाली पडतात आणि मोजता येतात. नरांच्या कप्प्यांची बंद चौकट काढून टाकली की व्हरोआची मोठी वीण जाते. ट्रोपिलेलॅप्ससाठी राणीला तीनेक आठवडे पिंजऱ्यात ठेवतात. तेवढ्यात जुने कोष फुटून जातात, नव्या अळ्या नसतात, आणि या माइटला प्रौढ माशीवर फार दिवस तग धरता येत नाही. आग्या मोहोळात हेच आपोआप घडतं, कारण ऋतू पालटला की आख्खा थवा पोळं सोडून दूर निघून जातो.