गिअर पडत नाही, म्हणजे नेमके काय होत नाही?

मागील लेखांकात हाताने बदलायच्या गिअरपेटीतील क्लच आणि सिंक्रोनायझर, म्हणजे दोन चक्रांचे वेग जुळवून मगच त्यांचे दाते एकमेकांत बसू देणारे कडे, यांचे कार्य पाहिले. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्याच गिअरपेटीची अर्धस्वयंचलित आवृत्ती आहे. तिच्यात गिअरपेटी आणि कोरडी क्लच प्लेट पूर्वीचीच असते, मात्र चालकाच्या डाव्या पायाचे आणि डाव्या हाताचे काम एक नियंत्रक संगणक आणि त्याच्या हुकमाने हलणारी यंत्रणा करते. एएमटी या नावाने ओळखली जाणारी ही रचना भारतातील स्वस्त मोटारींत २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर आली आणि तिचा हायड्रॉलिक संच इटलीच्या मॅग्नेटी मारेली कंपनीच्या तंत्रज्ञानाचा होता. तिचे पूर्वज मात्र शर्यतीच्या मैदानावरचे आहेत: १९८९ मध्ये नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची फॉर्म्युला वन शर्यत अर्धस्वयंचलित गिअरपेटीच्या फेरारीतून जिंकली. विक्रेते तिला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, आणि दुरुस्तीतील निम्मा गोंधळ या एका शब्दातून सुरू होतो असे म्हणण्यास हरकत नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत कोठल्याही गॅरेजमध्ये ‘गिअर पडत नाही’ या तक्रारीचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे: क्लचची केबल, लिव्हरची जोडणी किंवा झिजलेले सिंक्रोनायझर. एएमटीत हा अर्थ पुरत नाही, कारण येथे लिव्हर गिअरपेटीला जोडलेला नसून तो केवळ एक विद्युत स्विच असतो. तो ‘डी’वर सरकला म्हणजे चालकाने गिअर मागितला, एवढेच सिद्ध होते. ती मागणी मान्य करायची की नाही हे नियंत्रक ठरवतो आणि मान्य केल्यावर ती अंमलात आणण्याचे काम हायड्रॉलिक किंवा विद्युत यंत्रणेचे असते. मागणी, परवानगी आणि अंमल यांपैकी साखळी कोठे तुटली, हे ठरल्याशिवाय गिअरपेटी उतरवणे म्हणजे दिवा लागत नाही म्हणून घराची भिंत फोडण्यासारखे आहे.

परवानगी अडण्याचे सर्वांत साधे कारण ब्रेकच्या पेडलपाशी सापडते. स्थिर उभ्या मोटारीत ‘एन’वरून ‘डी’ किंवा ‘आर’वर जाताना ब्रेक दाबलेला असल्याची खूण नियंत्रकाला लागते आणि ती खूण पेडलवरील छोटा स्विच देतो, तो बिघडला तर चालकाने पाय कितीही दाबला तरी नियंत्रकाच्या लेखी ब्रेक दाबलेलाच नसतो, मग पॅनेलवरील अक्षर लुकलुकत राहते आणि गिअर पडत नाही. मागे एखाद्या माणसाला उभे करून ब्रेकचे दिवे लागतात का हे पाहणे, ही बिनखर्चाची चाचणी म्हणूनच प्रथम करावी. त्यानंतर बॅटरी. विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी पूर्ण भरलेली मानली जाते. ती जुनी झाली, की इंजिन कसेबसे सुरू होते, पण त्याच क्षणी व्होल्टेज इतके खाली येते, की नियंत्रक गोंधळतो किंवा पंपाला पुरेशी ताकद मिळत नाही. बॅटरीच्या काळ्या तारेचे मोटारीच्या सांगाड्याशी असलेले गंजलेले टोकही हाच खेळ करते.

अंमलाचा भाग अधिक रंजक आहे. हायड्रॉलिक पद्धतीत विद्युत पंप तेल दाबाखाली एका संचायकात साठवतो, म्हणजे आत वायू कोंडलेल्या एका छोट्या डब्यात, आणि तेथून विजेवर उघडमीट करणाऱ्या झडपा ते तेल क्लच ढकलणाऱ्या व गिअरचे काटे हलवणाऱ्या दट्ट्यांकडे सोडतात. अनेक मोटारींत चालकाचा दरवाजा उघडताच जी बारीक घरघर ऐकू येते ती याच पंपाची. ती दोष नसून यंत्रणा निरोगी असल्याची खूण आहे. ती अजिबात आली नाही तर फ्यूज, रिले आणि पंपाची मोटर तपासावी; उलट गिअर न बदलताही पंप वारंवार चालू-बंद होत असेल, तर संचायक दुबळा झाला आहे किंवा दाब कोठेतरी निसटतो आहे असे समजावे. तेलाची पातळी कमी आढळल्यास कंपनीने सांगितलेलेच तेल भरावे. हाताशी आहे म्हणून ब्रेकचे तेल ओतल्यास आतील रबरी सीले खराब होण्याचा धोका असतो.

कोल्हापूरच्या परिसरात मात्र खरा भार क्लचवर येतो. महाद्वार रोडवरील गर्दी, पन्हाळ्याची किंवा जोतिबाची चढण, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे मुंगीच्या पावलाने जाणारी गगनबावडा रस्त्यावरील रांग, या सर्व ठिकाणी क्लच अर्धवट जुळलेला राहतो. हाताच्या गिअरवर हा ‘हाफ क्लच’ चालकाच्या पायाला जाणवतो. एएमटीत पाय मोकळा असल्याने जाणवत नाही. चढणीवर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून मोटार थोपवून धरण्याची सवय येथे घातक ठरते, कारण त्या वेळी क्लच प्लेट घासत आणि तापत असते. अशी तापलेली किंवा झिजलेली प्लेट असली, की पॅनेलवर ‘डी’ स्थिर दिसते, इंजिनाचा आवाज चढतो आणि मोटार मात्र हलत नाही किंवा थरथरत हलते. हा गिअर न पडण्याचा दोष नव्हेच, तर पडलेल्या गिअरची ताकद चाकापर्यंत न पोहोचण्याचा आहे. प्लेट बदलल्यावरही काम संपत नाही. क्लच जेथे पकडू लागतो तो बिंदू नियंत्रकाने स्मृतीत ठेवलेला असतो आणि नव्या प्लेटचा बिंदू वेगळा असतो, त्यामुळे स्कॅनर लावून त्याला तो नव्याने शिकवावा लागतो. ही पायरी गाळली, तर कोऱ्या क्लचवरही गिअर करकरत पडतात.

रिव्हर्सची गोष्ट थोडी निराळी. अनेक गिअरपेट्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे दात्यासमोर दाता आला तर गिअर अडतो; ‘एन’वर परत येऊन ब्रेक दाबून पुन्हा प्रयत्न केल्यास चक्र किंचित फिरते आणि तो पडतो. क्वचित घडल्यास हा दोष मानू नये.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी महामार्गापर्यंत आले होते. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या एएमटी मोटारीची किल्ली फिरवून पाहण्याचा मोह टाळावा आणि प्रथम बॅटरी सोडवून पंप व झडपांचे विद्युत जोड सुकवून तपासावेत. गिअर पडलेल्या अवस्थेत वीज गेली असेल तर लिव्हर ‘एन’वर नेऊनही गिअर सुटत नाही आणि क्लच जुळलेलाच राहतो, म्हणून मोटार दोरीने ओढू नये, तर पुढची चाके उचलणाऱ्या क्रेननेच हलवावी.