मुलासाठी राज्य मागायला गेलेली आई

घरात वयस्कर माणूस असलं की थंडीच्या दिवसांत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. दोन गोधड्या घाला, तळपायांना तेल चोळा, सुंठ घालून चहा द्या, तरी हातपाय गारच! ज्यू लोकांच्या पवित्र ग्रंथातली राजगादीची एक मोठी झुंज अशाच थंडीने सुरू होते. कोकणातल्या बेने इस्राएल घरांतून आणि ख्रिस्ती घरांतून ही गोष्ट ठाऊक असेल. बाकीच्या मैत्रिणींसाठी सांगते.

काळ साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा. यरुशलेमचा राजा दावीद म्हातारा झाला होता. कितीही पांघरुणं घातली तरी त्याला ऊब येईना. तेव्हा सेवकांनी देशभर शोध करून उत्तरेकडच्या शुनेम गावची अबीशग नावाची देखणी कुमारिका आणली. तिने राजाची सेवा करायची आणि कुशीत निजून त्याला ऊब द्यायची. तिला, तिच्या आईला कुणी काही विचारलं का, ते लिहिलेलं नाही. राजाने तिच्याशी शरीरसंबंध ठेवला नाही, एवढं मात्र आवर्जून लिहिलंय. दरबाराला त्यावरून कळायचं ते कळलं.

दावीदला बायका पुष्कळ आणि मुलगेही पुष्कळ. थोरल्या अम्नोनला सावत्र भाऊ अबशालोमने मारवलं, अबशालोम स्वतः बापाविरुद्धच्या बंडात मारला गेला. आता हक्क सांगू लागला तो हग्गीथ राणीचा अदोनीया. दिसायला रुबाबदार. त्याने रथ घेतले, स्वार ठेवले, पुढे धावायला पन्नास माणसं ठेवली. आणि इथे ग्रंथकार सहज सांगून जातो, की हे असं का केलंस म्हणून बापाने त्याला जन्मात कधी विचारलं नव्हतं. असा एखादा लाडोबा आपल्याही नात्यात असतोच, नाही का?

आता जागा नीट डोळ्यांपुढे आणा. तेव्हाचं यरुशलेम म्हणजे एक अरुंद टेकडी, जेमतेम दहा-पंधरा एकरांची. पूर्वेला किद्रोनची दरी. टेकडीच्या पूर्व उताराखाली गीहोन नावाचा झरा, हेच गावचं मुख्य पाणी. दरीतून आणखी खाली दक्षिणेला गेलं की एन-रोगेल हा दुसरा पाणवठा. दोन्हींमध्ये अंतर पाऊण किलोमीटरच्या आतबाहेर. एका पाणवठ्यावरून दुसरा दिसत नाही, पण मोठा आवाज ऐकू जातो. हे लक्षात असू द्या.

एन-रोगेलजवळ अदोनीयाने मेंढरं, बैल कापून मेजवानी दिली. सेनापती यवाब आणि याजक अब्याथार त्याच्या बाजूने. सगळ्या भावांना आमंत्रण होतं, एकट्या शलमोनाला तेवढं वगळलं. शलमोन हा बथशेबेचा मुलगा.

बथशेबेचं आयुष्य सोपं नव्हतं. ती उरीया नावाच्या सैनिकाची बायको. दावीदने तिला राजवाड्यात बोलावून घेतलं, दिवस गेले तेव्हा उरीयाला रणात पुढे धाडून मारवलं आणि तिच्याशी लग्न लावलं. ते मूल गेलं. शलमोन त्यानंतरचा. त्या पापाबद्दल राजाला तोंडावर सुनावणारा संदेष्टा नाथान, तोच आता धावत बथशेबेकडे आला. राजाकडे जा, शलमोनाला गादी देण्याची शपथ त्याने वाहिली होती, तिची आठवण दे; तू बोलत असताना मी मागून येतो, असा बेत त्याने सांगितला.

तुम्हाला कैकेयी आठवली ना? मलाही आठवली. पण कैकेयीच्या जिवाला धोका नव्हता. बथशेबेच्या होता. अदोनीया राजा झाला तर आपण मायलेक गुन्हेगार ठरू, हे ती दावीदला स्पष्ट सांगते. गंमत म्हणजे ती शपथ आधीच्या कथेत कुठेच येत नाही. खरोखर वाहिली होती, की थकलेल्या नवऱ्याला ‘तुम्हीच नाही का म्हणाला होतात’ म्हणून पटवलं, ज्याचं त्याने ठरवावं. ती खोलीत गेली तेव्हा अबीशग तिथेच राजाची सेवा करीत होती. एकीकडे जुनी राणी वाकून बोलतेय, शेजारी ही परकी पोर उभी आहे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असेल का हो?

मग भराभर घडलं. शलमोनाला राजाच्या खेचरावर बसवून गीहोनला नेलं, याजक सादोकने तेलाचा अभिषेक केला, शिंग फुंकलं. लोकांनी असा जल्लोष केला की तो एन-रोगेलच्या पंगतीत, जेवणं उरकता उरकता ऐकू आला. पाहुणे एकेक करून पसार झाले! या सादोकच्या प्रसंगावर हँडेलने १७२७ मध्ये केलेलं संगीत इंग्लंडच्या राज्याभिषेकात आजतागायत वाजतं, २०२३ मध्येही वाजलं.

दावीद वारला. काही दिवसांनी अदोनीया बथशेबेकडे आला. राज्य माझंच होतं, ते गेलं. आता एकच मागणं, अबीशग मला बायको करून द्यायला शलमोनाला सांगा. बथशेबा बरं म्हणाली. ती दरबारात गेली तेव्हा राजा उठून आईला वाकला, उजव्या हाताला तिच्यासाठी आसन मांडलं. आणि तिचं मागणं ऐकताच भडकला. मेलेल्या राजाची स्त्री मागणं म्हणजे गादीच मागणं! अबशालोमनेही बंडात बापाच्या उपस्त्रियांना हात घातला होता. अदोनीया त्याच दिवशी मारला गेला. अब्याथारची रवानगी अनाथोथ गावी झाली, यवाब वेदीला धरून बसला तिथेच कापला गेला.

बथशेबेला हे कळलं नसेल, ती भोळेपणाने गेली, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. एवढं भोगलेली बाई, तिला मागण्याचा अर्थ कळणार नाही? मुलाच्या वाटेतला काटा त्यानेच आपल्या हाती आणून दिला, आणि तिने तो तसाच पुढे केला. तिला दोष द्यायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

पुढे यहूदाच्या बहुतेक राजांच्या नावाबरोबर त्यांच्या आईचं नाव ग्रंथात नोंदलेलं दिसतं. शुनेमच्या जागी आज सुलम नावाचं गाव आहे. अबीशग तिकडे परत गेली का, तिचं कुणाशी लग्न झालं का, याबद्दल राजांच्या त्या पुस्तकात पुढे अवाक्षर नाही.