खुब्याच्या ऑपरेशननंतर शरीरात काय चालतं?

लालबाग-गिरगावच्या जुन्या चाळींत संडास गॅलरीच्या टोकाला असतो. पहाटे उठलेली आजी ओल्या फरशीवर घसरते आणि खुब्याचा बॉल मोडतो. परळच्या केईएममध्ये किंवा जवळच्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन होतं. ‘रॉड टाकला, आता काळजी नाही,’ असं घरचे म्हणतात. पण शरीराच्या लेखी संकट अजून टळलेलं नसतं.

हाड मोडताच वेदनेचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवू लागतात. त्याच ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन येतं. नाडी धावते, रक्तदाब चढतो. कॉर्टिसॉल स्नायूंतली प्रथिनं मोडतं आणि यकृत त्यांतून साखर तयार करतं. म्हणून मधुमेह नसलेल्या आजोबांचीही साखर वाढलेली दिसते. ऑपरेशनची चीर म्हणजे शरीराला दुसरा घाव, त्यामुळे संप्रेरकांची ही लाट पुन्हा उसळते.

तरुणात ती लवकर ओसरते, कारण वाढलेलं कॉर्टिसॉलच मेंदूला ‘आता पुरे’ सांगतं. म्हातारपणी हा लगाम सैल पडतो. एरवी सकाळी जास्त आणि मध्यरात्री कमी असणारं कॉर्टिसॉल मग रात्रीही चढलेलं राहतं. त्याचा तोल राखणारं डीएचईए हे संप्रेरक वयाबरोबर आधीच घटलेलं असतं. जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते. मांडी तर पाहता पाहता सुकते, आणि मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती याचीच, कारण पुन्हा उभं राहायचं ते त्याच स्नायूंवर.

संध्याकाळी आजी सलाइनची नळी ओढते, ‘मला गावाला न्या’ म्हणते, मुलाला ओळखत नाही. तिला वेड लागलेलं नसतं. या भ्रमामागे कॉर्टिसॉलबरोबर संसर्ग, घसरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, दुखणं, काही औषधं अशी अनेक कारणं असू शकतात. डॉक्टरांना लगेच सांगा. तिचा चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवू नका.

कमरेत सुई देऊन केलेली भूल वेदनेचे निरोप वाटेतच अडवते, म्हणून त्या वेळेपुरती ही लाट कमी उसळते. ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं, दुखणं आवरावं, डॉक्टरांनी परवानगी देताच रुग्णाला उठवून बसवावं. नुसत्या पेजेवर ठेवू नये. मूत्रपिंडाचं पथ्य नसेल तर अंडं, दही, घट्ट वरण द्यावं.

दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावलेल्या असतात. गरजेला कॉर्टिसॉल कमी पडून रक्तदाब कोसळू शकतो. गोळ्या परस्पर बंद करू नका. भरती करतानाच त्यांची पाकिटं भूलतज्ज्ञांना दाखवा.